शिळ्या प्रतीची गोष्ट

'कॅश क्लिअर करा' असे कुणी आमच्या वयाच्या माणसाला सांगितले की त्याचा हात आधी बँकेच्या पासबुकाकडे जातो. पेन्शनरांना कॅश म्हणजे रोकड एवढेच ठाऊक. ही कॅश वेगळी. उच्चार तोच, पण स्पेलिंग निराळे आणि कूळही निराळे. मूळ शब्द फ्रेंच, 'लपवणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. उत्तर अमेरिकेच्या जंगलात कातड्यांसाठी हिंडणारे लोक वाटेत खड्डा खणून त्यात दाणागोटा, सामान पुरून ठेवत आणि परतताना काढून घेत. त्या साठ्याला कॅश म्हणू लागले. आपल्याकडे देशावर धान्याचे पेव असे, तसलाच प्रकार. आमच्या पालघरकडे पाऊस एवढा की जमिनीत पुरलेले भात हाती लागायचे नाही, म्हणून इकडे बांबूची कणगी. पण कल्पना एकच. रोज लागणारी वस्तू रोज लांबून आणायची नाही, थोडी हाताशी ठेवायची.

मंडळी, शाळेत इतिहास आणि मराठी शिकवण्यात माझी हयात गेली. संगणकाशी ओळख झाली ती निवृत्तीनंतर. त्यामुळे यंत्र कसे चालते यापेक्षा ते असे का झाले, कुणी ठरवले, कधी ठरवले, हे विचारायची खोड जात नाही. या कॅशने दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या वेबसाइटवर एक घोळ घातला आणि एका घरी फार मनस्ताप झाला. ती हकीकत पुढे सांगते. आधी थोडे मागे जाऊ.

संगणकाची स्मृती एकेकाळी फार महाग होती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक नावाचा संगणक सुरू झाला, आपल्याच लोकांनी बांधलेला. त्याच्या स्मृतीत एका वेळी २,०४८ आकडे मावत. आज हसू येईल. पुढे स्मृती वाढली, पण मोठी स्मृती हळू चालणारी आणि वेगवान स्मृती परवडणार नाही एवढी महाग. १९६५ मध्ये केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी दोन पानांचा एक लेख लिहिला. कल्पना साधी होती. मोठी, संथ स्मृती राहू द्या. तिच्यापुढे एक छोटी, चपळ स्मृती ठेवा आणि नुकतीच लागलेली माहिती तिच्यात ठेवत जा, कारण जे आत्ता लागले ते पुन्हा लागण्याचा संभव जास्त. विल्क्स यांनी तिला 'गुलाम स्मृती' म्हटले होते. १९६८ मध्ये आयबीएमने आपल्या सिस्टीम ३६० मालिकेतील ८५ क्रमांकाच्या संगणकात अशी स्मृती बसवली. त्यावर कंपनीच्या नियतकालिकात लेख यायचा होता. लेखात तिचे नाव लांबलचक आणि रुक्ष होते. संपादकांनी चांगला शब्द सुचवायला सांगितले आणि 'कॅश' हे नाव रूढ झाले. म्हणजे या शब्दाचे बारसे एका संपादकामुळे झाले! इकडे आमच्या तारापूरची अणुवीज १९६९ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट.

या कॅशमध्ये एक सोय होती. मूळ प्रत आणि हाताशी ठेवलेली प्रत एकाच पेटीत. मूळ बदलले की दुसरीला कळवणे आवाक्यात होते. खरी पंचाईत झाली ती प्रती जगभर पसरल्यावर.

टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. तेव्हाचा व्यवहार अगदी बाळबोध होता. ब्राउझरने एका ओळीत पान मागायचे, सर्व्हरने ते पाठवायचे, संपले. पान कधीचे आहे, किती दिवस चालेल, काही सांगायची सोयच नव्हती. पाने नुसत्या मजकुराची होती तोवर निभावले. १९९३ मध्ये मोझॅक हा ब्राउझर आला आणि मजकुराच्या मधोमध चित्रे दिसू लागली. मग लक्षात आले की दहा पाने उघडली तर प्रत्येक पानावरचे बोधचिन्ह, पट्टी, मागची नक्षी दहादा मागवली जाते, आणि ते सगळे तेच ते असते. अशा फायलींना स्थिर फायली म्हणतात. चित्रे, अक्षरांचे फाँट, पानाची मांडणी सांगणारी फाईल, या सर्व त्यातच मोडतात. त्या एकदा आणून ठेवाव्यात हे ओघाने आलेच. ब्राउझर आपल्याच संगणकात साठा करू लागले. १९९४ मध्ये सर्नच्या सर्व्हरमध्ये सबंध संस्थेसाठी मधल्या वाटेवर एकच सामाईक साठा ठेवण्याची सोय झाली.

आपल्याकडे याची गरज किती होती ते पाहा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह काही शहरांत सर्वसामान्यांना इंटरनेट दिले. टेलिफोनच्या तारेवरून चालणारा मोडेम नंतर सुधारून ५६ किलोबिटपर्यंत गेला, तोही कागदावर. हिशेब करून पाहा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ७ किलोबाइट. १०० किलोबाइटचा एक फोटो यायला १४ सेकंद, आणि तेही लाईन चांगली असेल तर. दुवा उपग्रहावरून असेल तर आणखी उशीर. तो उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवर. मागणी वर जाऊन खाली यायची, उत्तरही तसेच, यात प्रकाशाच्या वेगानेसुद्धा अर्धा सेकंद जातो. आणि टेलिफोनचे मीटर चालूच.

मराठीला तर हे जास्तच भोवत होते. युनिकोड सर्वत्र येण्यापूर्वी प्रत्येक मराठी वर्तमानपत्राचा फाँट वेगळा. पान उघडले की आधी फाँट उतरायचा आणि मग अक्षरे दिसायची. तोवर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. एकदा तो फाँट ब्राउझरच्या साठ्यात पडला की पुढची पाने झटपट उघडत. कुणी हौसेने 'सफाई' केली की फाँटही गेला, पुन्हा खिचडी! विंडोज २००० पासून मंगल फाँट संगणकातच येऊ लागला तेव्हा कुठे ही कटकट हळूहळू कमी झाली. सांगायचे काय, तर कॅशवर आज आपण चिडतो, पण त्या काळी मराठी वाचक तिच्याच जिवावर वाचत होते.

आता मुख्य प्रश्न. हाताशी ठेवलेली प्रत शिळी झाली हे ओळखायचे कसे? हंड्यातले पाणी शिळे झाले तर आपण थर बसला यावरून ओळखतो. फाईल बघून काही कळत नाही.

मे १९९६ मध्ये वेबच्या पत्रव्यवहाराचे, म्हणजे एचटीटीपीचे, नियम पहिल्यांदा नीट लिहून प्रसिद्ध झाले. त्यांत दोन उपाय आहेत. पहिला, पाठवणाऱ्यानेच फाईलवर 'अमुक तारखेपर्यंत वापरा' असे लिहून द्यायचे, औषधाच्या पाकिटावर लिहितात तसे. दुसरा, ब्राउझरने विचारायचे, 'माझ्याकडे अमुक तारखेची प्रत आहे, त्यानंतर काही बदलले का?' बदलले नसेल तर सर्व्हर फाईल न पाठवता फक्त ३०४ हा आकडा कळवतो. अर्थ असा, की आहे ते चालू द्या. चार शब्दांत काम भागते. जानेवारी १९९७ च्या सुधारित नियमांत तारखेऐवजी किती सेकंद ठेवायचे ते सांगण्याची सोय झाली, आणि प्रत्येक आवृत्तीला ओळखचिठ्ठीही देता येऊ लागली.

पाठवणाऱ्याने काहीच लिहिले नसेल तर? तेव्हा ब्राउझरने अंदाज करायचा. फाईल शेवटची बदलून जेवढा काळ लोटला त्याच्या साधारण दहावा हिस्सा ती ताजी धरायची, असे नियमांत सुचवले आहे. म्हणजे शंभर दिवस न बदललेले चित्र आणखी दहा दिवस बदलणार नाही असे समजायचे. हे वाचून मला गंमत वाटली. माणसांच्या बाबतीत आपणही हाच ठोकताळा लावतो!

पण एक गोष्ट नीट पाहा. या सगळ्यात सर्व्हर आपणहून कुणालाही कळवत नाही. एकदा 'वर्षभर वापरा' असे लिहून प्रत दिली की ब्राउझरने वर्षभर विचारायलाच यायचे कारण नाही. दिलेली प्रत परत मागवता येत नाही. आमच्या घोळाचे मूळ इथेच होते.

आमची माजी विद्यार्थ्यांची वेबसाइट वर्डप्रेसवर आहे. २००३ मध्ये सुरू झालेली ही प्रणाली. तांत्रिक ज्ञान नसलेल्या माणसालाही मजकूर आणि चित्रे टाकता येतात, म्हणून संस्था आणि मंडळे तीच वापरतात. एका कार्यकर्त्याने दिवंगत शिक्षकांचे एकत्रित चित्र केले. ओळीने छोटे फोटो, खाली नावे, वर समई आणि हार. आडनावाच्या सारखेपणाने त्यात आमच्या चित्रकलेच्या सरांचा फोटो लागला. सर हयात! बोईसरला राहतात, ऐंशी उलटली तरी सकाळी भाजी स्वतः आणतात.

पुतण्याचा फोन आला आणि तासाभरात चित्र दुरुस्त झाले. तरी तीन दिवसांनी आमचे एक जुने सहकारी डहाणूहून लोकलने बोईसरला सांत्वनाला गेले. दार सरांनीच उघडले. सर हसले, त्यांना आत घेतले, चहा झाला. काकूंना मात्र ते हसण्यावारी नेता आले नाही. त्यांच्या मोबाईलवर तेच जुने चित्र दिसत होते. त्या रोज उघडून बघत आणि रोज हाराखाली आपला नवरा. आम्हाला फोन करत, तर प्रत्येक जण एकच सांगे, 'काकू, आमच्याकडे बरोबर दिसतंय.' खोटे कुणीच बोलत नव्हते. पण काकूंना वाटू लागले की सगळे मिळून आपली समजूत घालताहेत. 'काढलं म्हणता, मग मला का दिसतं?' या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

शेवटी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावले. तारापूर औद्योगिक वसाहतीत संगणक विभागात काम करतो. त्याने केलेली तपासणी मला इतिहासाच्या साधनांच्या तपासणीसारखीच वाटली, म्हणून क्रमाने देते.

पहिली पायरी, सबंध पान न बघता त्या चित्राचाच पत्ता ब्राउझरमध्ये उघडायचा. जुने दिसले. दुसरी पायरी, त्याच पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा जोडून उघडायचे. ब्राउझरच्या दृष्टीने तो नवा पत्ता झाला, त्यामुळे साठ्यातली प्रत चालत नाही, त्याला सर्व्हरकडे जावेच लागते. नवे चित्र दिसले. याचा अर्थ मूळ ठिकाणी दुरुस्ती झालेली आहे, जुनी प्रत अलीकडे कुठेतरी आहे. इथेही जुनेच दिसले असते तर दोष सर्व्हरकडे असता, किंवा साइटचा स्वतःचा साठा ठेवणारे एखादे प्लगइन असते त्यात. तिसरी पायरी, त्याच मोबाईलवर खासगी खिडकीत मूळ पत्ता उघडायचा. नवे दिसले. म्हणजे वाटेतल्या कुठल्या साठ्यात नव्हे, काकूंच्याच ब्राउझरमध्ये जुनी प्रत आहे. चौथी पायरी, सर्व्हर चित्रासोबत काय लिहून पाठवतो ते पाहायचे. तिथे आकडा होता ३,१५,३६,००० सेकंद. मी वहीत भागाकार केला. बरोबर ३६५ दिवस.

म्हणजे ज्या कुणी त्या पहिल्या सकाळी ते पान उघडले, त्यांच्या यंत्राला आम्ही सांगून बसलो होतो की हे चित्र वर्षभर तसेच समजा. ज्यांनी नंतर उघडले त्यांना दुरुस्त चित्र मिळाले. काकूंनी बातमी कळल्याबरोबर उघडले होते. ज्यांना सर्वांत जास्त काळजी, त्यांच्याकडेच शिळी प्रत!

'काकूंना कॅश क्लिअर करायला सांगा' असे कुणीतरी म्हणाले. काकूंनी साफ नकार दिला. क्लिअर करताना नातवंडांचे फोटो गेले तर? फोटो जात नाहीत हे खरे, पण त्यांनी तरी आमच्यावर आता का विश्वास ठेवावा? आणि काकूंच्या मोबाईलवर केले असते, तरी बाकी किती जणांकडे ती प्रत पडून आहे हे कोण सांगणार?

वर्षभराचा तो आकडा काही कुणाचा वेडेपणा नव्हे. नियमांतच एका वर्षापेक्षा जास्त मुदत देऊ नये असे होते, म्हणून लोक वर्ष देत. याहूमध्ये काम करणारे स्टीव्ह साउडर्स यांनी २००७ मध्ये वेगवान वेबसाइटवर पुस्तक लिहिले. त्यांचा सल्ला असा, की स्थिर फायलींना लांबची मुदत द्या, मात्र फाईल बदलली की तिचे नावही बदला. लोकांनी सल्ल्याचा पहिला अर्धा भाग उचलला. वर्डप्रेसला दुसराही ठाऊक आहे. तो आपल्या मांडणीच्या फायलींच्या पत्त्यापुढे आवृत्तीचा आकडा जोडतो. त्याच नावाचे चित्र पुन्हा चढवले तर नावाला स्वतःच एक आकडा चिकटवतो. आमच्या कार्यकर्त्याने 'दुवे तुटायला नकोत' म्हणून होस्टिंगच्या फाईल व्यवस्थापकातून जुन्याच नावावर नवे चित्र ठेवले. हेतू चांगला, पण त्यामुळे नाव तेच आणि आतली वस्तू वेगळी.

उपाय पाच मिनिटांचा होता. चित्राच्या नावात तारीख घातली आणि पानात ते नवे नाव दिले. पानाचा मजकूर ब्राउझर दर वेळी ताजा मागत होता, त्यात अनोळखी नाव दिसले, साठ्यात ते नव्हते, मुकाट्याने सर्व्हरकडून आणले. काकूंच्या मोबाईलला कुणी हातही लावला नाही.

नेटस्केपमध्ये काम केलेल्या फिल कार्लटन यांच्या नावावर एक उक्ती सांगतात. संगणकशास्त्रात अवघड अशा दोनच गोष्टी, शिळा साठा बाद करणे आणि वस्तूंना नाव देणे. (नाव देणे, बरं का! नावे ठेवणे आपल्याला मुळीच अवघड नाही.) मला वाटते पहिल्या अवघड गोष्टीचे उत्तर दुसरीतच आहे. जुनी प्रत परत मागवता येत नसेल तर नव्या प्रतीला नवे नाव द्यावे.

शिक्षकाला हे वेगळे सांगायला नको होते. १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, स्थापन झाली. पुस्तके थोरल्याकडून धाकट्याकडे जात. अभ्यासक्रम बदलला त्या वर्षी वर्गात 'बेचाळीसावे पान काढा' म्हटले की दोन-तीन मुले भलतेच काही वाचू लागत. मुखपृष्ठावर नाव तेच, इयत्ता तीच. मूल चुकलेले नसे, पुस्तकही चुकीचे नसे, ते फक्त मागच्या आवृत्तीचे असे. म्हणून आम्ही पहिल्या दिवशी आतल्या पानावरचे आवृत्तीचे वर्ष तपासायला सांगत असू. आणि शुद्धिपत्रक? ते नव्या पुस्तकांत चिकटवलेले असे. ज्याच्या घरी जुने पुस्तक पोचले, त्याच्याकडे ती चिठ्ठी कधीच गेली नाही. छापील पुस्तकांचा हा शाप वेबला नाही असे आपण समजत होतो. आहे, फक्त तो दिसत नाही.

आणखी एक उदाहरण अगदी घरचे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा झाला. रात्रीत कागदांवरचे 'जिल्हा ठाणे' पुसले गेले नाही. शिक्के, पाट्या, ओळखपत्रे यांवर ते पुढे किती तरी दिवस राहिले. पण पत्रे चुकली नाहीत, कारण पिनकोड तोच राहिला. पालघर ४०१४०४, बोईसर ४०१५०१. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासूनची, आणि ती बसवली टपाल खात्यातले आपले संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. तो आकडा टपालाच्या वाटेचा, जिल्ह्याच्या नावाचा नव्हे. चांगल्या वेबसाइटचीही रीत हीच. पानाचा पत्ता पिनकोडसारखा कायम राहू द्यावा, म्हणजे जुने दुवे तुटत नाहीत. आतल्या फायलींची नावे मात्र त्या बदलतील तशी बदलावीत.

असो. घरच्या मंडळींना यावरून एक विनंती. आपल्या वंशावळीची फाईल आता पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत फिरते आहे. जन्म, लग्ने, कुणाचे जाणे, दर वर्षी काहीतरी भर पडते. यापुढे दुरुस्ती कराल तेव्हा फाईलच्या नावात वर्ष आणि महिना घाला, आणि जुने नाव पुन्हा वापरू नका. कुणाकडे कोणती प्रत आहे हे आपल्याला कधीच कळणार नाही. निदान ज्याच्या हाती ती पडेल त्याला तरी कळावे की आपण कधीची गोष्ट वाचतो आहोत.